मुरीची मादी

आमच्या विभागप्रमुखांना मी भरल्या सभेत खाली बघायला लावलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. ही हकिकत ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यातलं कुणी ना कुणी अजूनही विचारतं, "एवढं करायची गरज होती का?" होती. म्हणूनच सगळं पहिल्यापासून सांगते.

मी वरवंडची. अब्बांचं हायवेच्या कडेला ट्रकच्या गाद्या शिवायचं दुकान होतं. घरात दखनी, दारात मराठी, अशी आमची बोली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलगी आमच्या नात्यागोत्यात मी पहिलीच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मला आमच्याच भागातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याचा काही दोष नव्हता. दोष एका माणसाचा होता.

हे विभागप्रमुख मोठ्या बागायतदार घरातले. वडील गावचे माजी सरपंच, भाऊ सोसायटीत, मेव्हणा बाजार समितीत. ते स्वतः वाईट शिकवायचे असं नाही. फक्त बऱ्याच वर्षांत त्यांनी नवीन काही वाचलं नव्हतं, आणि नदीत तर ते कधी उतरलेच नव्हते. पायजमा वर करून पाण्यात उभं राहणं त्यांच्या घराण्याला शोभणारं नव्हतं.

मला मात्र नदीची ओढ होती, कारण माझी खाला, म्हणजे मावशी, राहूला राहायची. राहू हे बेट. एका अंगाला मुळा-मुठा, दुसऱ्या अंगाला भीमा. मुळा-मुठेत पुण्याची सगळी घाण यायची, पाणी काळं, वर जलपर्णी. भीमेचं पाणी तेव्हा बरं होतं, आणि काठाला भरड वाळूचे लांबलचक पट्टे होते. त्या वाळूत मुरी राहायची.

मुरी म्हणजे बोटभर लांबीचा, वाळूच्याच रंगाचा मासा. अंगावर काळसर ठिपक्यांची ओळ, तोंडाशी मिशा. डोळ्याखाली एक बारीक दुहेरी काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो, पण मासा मुठीत धरला की उघडतो आणि बोटाला टोचतो. बाजारात या माशाला कुणी विचारत नाही. खाला माझ्याबरोबर पाण्यात यायची. जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याचं एक टोक ती धरायची, एक मी.

"आगं, ह्या मुऱ्या मांजर बी खात न्हाई," ती म्हणायची. "तू काय करणार ह्यांचं?"

"अभ्यास."

"तवा नीट धर की ते टोक. अभ्यास पळून चाललाय बघ खालनं."

दोन हिवाळे मी हेच केलं. मुरी कुठल्या पाण्यात सापडते, कुठल्या नाही, हे बघत गेले. घोटाभर पाणी, संथ पण वाहतं, खाली भरड वाळू, म्हणजे मुरी असणारच. त्याच नदीत थोडं पुढं गोटे लागले की मुरी संपली. गाळ लागला की संपली. मुळा-मुठेच्या अंगाला तर एकही नाही. दिवसा ती वाळूत बुडून बसते, वर फक्त डोळे. मी उभी असायची आणि माझ्या पायाखालची वाळू हलायची, तेव्हा कळायचं.

तेव्हा मला एक गोष्ट दिसली. काही मुऱ्यांच्या छातीच्या पराचा, म्हणजे कल्ल्यामागच्या पंखाचा, आतल्या बाजूचा काटा जाड आणि टणक होता, पापडीसारखा चिकटलेला. काहींचा साधा, नाजूक. बाकी अंगानं सगळ्या सारख्याच. मी जाड परांच्या वेगळ्या बरण्या केल्या, साध्या परांच्या वेगळ्या, चिठ्ठ्या लावल्या, पेन्सिलीनं चित्रं काढली आणि सरांकडे गेले.

"सर, मला वाटतं या दोन जाती असाव्यात. जाड पराची कदाचित कुठं नोंदलेली नसेल."

त्यांनी बरणी उजेडाकडे धरून बघितली. "हं. ठेव कपाटात. बघू."

त्या उन्हाळ्यात अब्बांना पक्षाघात झाला. मी रजा घेतली. दुकान बंद, अम्मी सैरभैर, अब्बांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं. पावसाळा लागल्यावर एका रविवारी धाकटी बहीण म्हणाली, "आज मी बघते, तू जा कुठंतरी, तोंड बघ तुझं कसं झालंय." मी राहूला गेले. नदीला अजून मोठा पूर आला नव्हता. खाला आणि मी परत पाण्यात उतरलो. मिळाल्या त्या मुऱ्या मी तिच्या ओट्यावर मांडल्या आणि ब्लेडनं एकेकीचं पोट उघडलं.

साध्या परांच्या पोटात गाभोळी होती, अंड्यांनी गच्च भरलेली. जाड परांच्या पोटात गाभोळी नाहीच. दाबलं की दुधासारखा थेंब यायचा. एक, दोन, चार, सगळ्या तशाच. मी परत नदीवर गेले, आणखी धरल्या. त्याच. जाड पराची एकही मादी नाही, साध्या पराचा एकही नर नाही.

म्हणजे दोन जाती नव्हत्याच. नवरा-बायको होते ते! मी दोन वर्षं नरांना एका बरणीत आणि माद्यांना दुसऱ्या बरणीत ठेवून त्यांच्या दोन जाती करत बसले होते. मला इतकं हसू आलं की खाला दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं गं?"

"काही नाही खाला, वाचले. कुठं छापून आलं असतं तर लोकांनी जन्मभर चिडवलं असतं."

उघडलेल्या मुऱ्या मी तिथंच दोन बरण्यांत ठेवल्या आणि वरवंडला घरी आणल्या. मी रजेवर होते, म्हणून त्या कॉलेजच्या कपाटात गेल्या नाहीत. नशीबच म्हणायचं.

अब्बा धरून चालायला लागल्यावर मी कामावर रुजू झाले. विभागाच्या दाराशीच फलकावर वर्तमानपत्राचं कात्रण लावलेलं होतं. सरांचा फोटो, हातात बरणी. बरणीवर माझी चिठ्ठी, माझ्या अक्षरात. खाली बातमी अशी की सरांनी भीमा नदीच्या खोऱ्यातून माशाची नवी जात शोधली, एका नियतकालिकात त्यावर लेख आला, आणि जातीला त्यांनी आपल्या वडिलांचं नाव दिलं. लेख ग्रंथालयात होता. मी उभ्या उभ्या वाचला. चित्रं माझी. मोजमापं माझी. शेपटीवरचा एक ठिपका मी चुकून जास्त काढला होता, तोसुद्धा तसाच होता. माझं नाव कुठंही नव्हतं, शेवटी आभारातही नाही.

फक्त एक गोष्ट माझी नव्हती. मासा कुठं राहतो, या मथळ्याखाली त्यांनी लिहिलं होतं, दगडगोट्यांच्या तळाशी. ते कुठून आलं हे मला लगेच कळलं. प्रयोगशाळेत मी काही जिवंत मुऱ्या काचेच्या टाकीत ठेवल्या होत्या. तिथं तळाला शोभेचे गोटे होते. सरांनी मुरी पाहिली ती तेवढीच.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. सांगायच्या दोन गोष्टी होत्या. हे काम माझं आहे, ही एक. आणि दुसरी, सर, घोटाळा झालाय, ती नवी जात नाही, ते नर आहेत, लवकर दुरुस्ती पाठवा. खरं सांगते, दुसरी गोष्ट मी त्यांच्या काळजीनंच सांगायला निघाले होते.

पहिली सांगितली.

ते रागावले नाहीत. हसले. खुर्ची मागं रेलली. "अगं, तू तासिकेवरची. उद्या तू आहेस, परवा नाहीस. संशोधनाला जबाबदार माणसाचं नाव लागतं. आणि बरण्या कुणाच्या? कॉलेजच्या. फॉर्मॅलिन कुणाचं? कॉलेजचं."

"पण सर, दोन वर्षं नदीत मी—"

"मासे धरलेस, छान धरलेस. तुम्हा लोकांना मासळीची पारख असायचीच. मासळीबाजार चार दिवस जास्तीचा केलास असं समज."

शेजारी शिपाई चहा ठेवत होता. तोही हसला. सरांनी हसल्यावर हसायचं असतं म्हणून हसला असेल.

दुसरं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ते गिळलं. त्या क्षणी मला अगदी स्वच्छ दिसलं की या माणसानं माझं काम चोरलेलं नाही, माझी चूक चोरली आहे. तिच्यावर आपल्या बापाचं नाव घातलं आहे. आता ती चूक त्याच्याकडेच राहू दे. तिला चांगलं खायला-प्यायला घालून तो वाढवू दे.

"बरं सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

पुढच्या जूनमध्ये हेडक्लार्कनं सांगितलं, "मॅडम, यंदा तुमचे तास बसत न्हाईत हो." ते सरांच्या पुतणसुनेला बसले होते.

मी कारेगावजवळ एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. वर्गात निम्मी मुलं एमआयडीसीतल्या कामगारांची, कुणी बीडचं, कुणी बिहारचं. काम चांगलं होतं. खोली घेऊन राहत होते, रविवारी घरी. पण मी काही विसरले नाही. सकाळी पाणी तापत असताना, एसटीची वाट बघताना, पेपर तपासताना ते हसू माझ्या कानात असायचं. "तुम्हा लोकांना." मी ते विसरायचा प्रयत्नही केला नाही. उलट जपलं.

सरांच्या बातम्या येत होत्या. गावात सत्कार झाला, शाल, श्रीफळ, फेटा. वडिलांना स्टेजवर बसवून नव्या माशाचा मोठा फोटो त्यांच्या हातात दिला. त्या कार्यक्रमाला मी जाऊ शकले असते. गेले नाही. तिथं टाळ्या वाजवणारेच बसणार होते. शिरूरला एकदा त्यांचं भाषण झालं, तिथंही गेले नाही. ऐकणारे सगळे कॉमर्सचे. मला माशातलं कळणारा एक तरी माणूस समोर हवा होता, आणि सर अजून थोडे उंच चढलेले हवे होते.

दीडेक वर्षानं ते जुळून आलं. दौंडला विज्ञान शिक्षकांचं संमेलन होतं. सरांचं व्याख्यान नव्या जातीवर, आणि अध्यक्ष म्हणून पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ येणार होते, ज्यांची उभी हयात नदीतल्या माशांत गेली होती. मी शिक्षिका म्हणून नाव नोंदवलं आणि आदल्या दिवशी राहूला गेले.

"खाला, उद्या सकाळी मुऱ्या पाहिजेत. जिवंत."

"आता परत कुणासाठी?"

"एका माणसाला दाखवायच्यात."

तिनं माझ्याकडे जरा बघितलं. माझी नोकरी कशी गेली हे तिला माहीत होतं. "मंग चांगल्या चपळ बघून धरू," ती म्हणाली.

पहाटेच्या थंडीत पाण्यात पाय टाकवत नव्हता, पण धरल्या. एका डब्यात मुऱ्या, एका पिशवीत भरड वाळू, एका पिशवीत गोटे, काखेत काचेची छोटी पेटी. माझ्या जुन्या दोन बरण्या पर्समध्ये. वडापच्या जीपनं केडगाव, तिथून पॅसेंजरनं दौंड. डब्याच्या झाकणाला भोकं पाडून मी तो मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "तूप हाय का?" मी हो म्हणाले.

संमेलन एका मंगल कार्यालयात होतं. स्टेजच्या कोपऱ्यात नवरा-नवरीच्या खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. सरांनी मला दारात बघितलं. "अरे वा, कुठं असतेस हल्ली?" म्हणाले. "कारेगावला, सर." "छान, छान," म्हणत पुढं गेले.

त्यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर चित्रं दाखवली. माझी चित्रं पडद्यावर पहिल्यांदाच एवढी मोठी दिसत होती. सर छान बोलले. भीमेच्या पाण्यात आपण कसे उतरलो, कसे भिजलो, तेही सांगितलं. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले. 

"सर, हा मासा राहतो कुठं म्हणालात?"

"खडकाळ भागात. दगडगोट्यांच्या तळाशी."

"आपण स्वतः पाहिला?"

"म्हणजे काय! या डोळ्यांनी."

"मग सगळ्यांना दाखवते. हाच मासा आहे, आज सकाळी धरलेला."

मी काचेची पेटी अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवली. अर्ध्या भागात वाळू, अर्ध्या भागात गोटे, वर पाणी. डब्यातल्या मुऱ्या मुद्दाम गोट्यांच्या बाजूला सोडल्या. त्या क्षणभर गोट्यांवर भांबावल्या, मग एक सळसळली आणि पलीकडे जाऊन वाळूत शिरली. तिच्यामागं दुसरी. बघता बघता पेटीत एकही मासा दिसेना. अध्यक्ष वाकले. "डोळे दिसतायत," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. मागच्या रांगांतले लोक उठून पुढं आले.

सर म्हणाले, "दोन्हीकडे राहत असेल. प्रश्न तो नाही."

"बरोबर आहे सर, प्रश्न दुसराच आहे. या जातीची मादी पाहिलीत का तुम्ही?"

त्यांनी प्रोजेक्टरवरची पारदर्शिका उचलली. "मादी अजून मिळायची आहे. काम चालू आहे."

"आणि आपल्या साध्या मुरीचा नर?"

सभागृहात कुणाला काही कळलं नसावं. पण अध्यक्षांनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. मी दोन्ही बरण्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ ते पोटं बघत होते, पर बघत होते. पंखा बंद होता, माईक चालू होता, त्यामुळं त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"अहो सर," ते शेवटी म्हणाले, अगदी हळू आवाजात, पण माईक समोरच होता. "ही नवी जात नाही हो. हा साध्या मुरीचा नर आहे. या माशात नराचाच पर जाड असतो. आपण नराला एक नाव दिलंत आणि मादीला दुसरं."

कुणीतरी मागून खुदकन हसलं. मग दुसरं कुणी. मग सगळा हॉल. सर स्टेजवर उभे होते, हातात माझ्या चित्राची पारदर्शिका. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की त्यांना सगळं कळलं आहे. सुटायला एकच वाट होती. हे काम माझं नव्हे, या बाईचं आहे, तिनंच मला दोन जाती सांगितल्या, असं म्हणायचं. ते म्हणता येत नव्हतं. मी वाट बघितली, म्हणतात का ते. त्यांनी मान खाली घातली.

अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्ही यावर काम केलंय का?"

"नाही सर," मी म्हणाले. "सगळं काम यांचंच आहे."

त्या वाक्याइतकं गोड वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नाही. दोन वर्षांच्या कामावर मी तिथं पाणी सोडलं, म्हणजे ती चूक संपूर्ण त्यांची व्हावी.

नोकरी वगैरे त्यांची गेली नाही. अशांची जात नाही. पण प्राचार्यपदाचं जे चाललं होतं ते थांबलं, आणि गोष्ट गावात पोचली. पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विरोधकांनी त्यांच्या पॅनलला मुरी पॅनल म्हणायला सुरुवात केली. "ह्यांना नर-मादी कळंना, ह्ये गाव काय चालवणार!" असं भाषणात म्हणत. पॅनल पडलं. खाला सांगायची, म्हातारे माजी सरपंच पारावर यायचे बंद झाले, पोरं मागून मुरी मुरी म्हणतात म्हणून. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

सर मला त्यानंतर एकदाच भेटले, चौफुल्याच्या स्टँडवर. केस पिकले होते, निवृत्ती जवळ आली होती. मी दुसरीकडे बघायच्या आत ते समोर आले.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "मला आधी सांगायचं होतंस. मी दुरुस्त केलं असतं."

"त्या दिवशी केबिनमध्ये तेच सांगायला आले होते, सर."

"मग?"

"तुम्ही मला मासळीबाजारात पाठवलंत."

ते आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला. मी एवढी वर्षं उराशी धरलेलं वाक्य त्यांनी चहा पिता पिता सहज टाकलेलं होतं. मग ते जरा चाचरत म्हणाले, "मुलं माझा गौरव अंक काढतायत. तूही दोन शब्द दे. जुनी सहकारी म्हणून. झालं गेलं सोडून देऊ."

"देते की. मुरीवर लिहू?"

तेवढ्यात माझी शिरूर गाडी लागली. मी चढले, खिडकीजवळ जागा मिळाली. ते तिथंच उभे होते. मी हात केला नाही.

अंक निघाला तेव्हा त्यांच्या एका विद्यार्थ्यानं मला प्रत आणून दिली. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यांचं बालपण, शिक्षण, कुटुंब, मिळालेले मान, गावासाठी केलेलं काम, सगळं होतं. मुरीचं नाव कुठंही नव्हतं. खात्री करायला मी पानं परत एकदा चाळली. मग अंक मिटून रद्दीत टाकला आणि स्वतःसाठी चहा ठेवला.